पेयात गुंगीचं औषध : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डिसेंबर तोंडावर आला की येऊरचे बंगले, घोडबंदरची रूफटॉप हॉटेलं आणि पाम बीच रोडच्या आसपासचे पब यांचं बुकिंग सुरू होतं, आणि आमच्याकडे एकाच विषयावरची पत्रं वाढतात : पेयात कुणी काही मिसळलं तर? या महिन्याचं सदर त्याच पत्रांना दिलं आहे. उत्तरं अपघात विभागातल्या डॉक्टरांनी आणि फौजदारी वकिलांनी मिळून लिहिली आहेत. विचारणाऱ्यांची नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी २० वर्षांची आहे, खारघरला कॉलेजात शिकते. ३१ तारखेला येऊरच्या एका बंगल्यावर पार्टी आहे, यजमान मैत्रिणीच्या ओळखीचे. रीलमध्ये दाखवतात की औषध टाकलं असेल तर बर्फ बुडतो, फेस जास्त येतो, पेय निळं होतं. ऑनलाइन टेस्ट स्ट्रिपही मिळतात. यातलं खरं किती?

उत्तर : निळ्या रंगाची गोष्ट अर्धी खरी आहे. फ्लुनिट्राझेपाम नावाचं झोपेचं औषध परदेशात रोहिप्नॉल या नावाने विकलं जायचं. त्याचा गैरवापर होतोय म्हटल्यावर नव्वदच्या दशकात मूळ कंपनीने गोळीत निळा रंग घातला, आणि ती सावकाश विरघळेल अशी केली. पण हा रंग फक्त त्या एका कंपनीच्या गोळीत. बाकीच्या गोळ्यांत तो नाही. शिवाय कोलाच्या ग्लासात, जांभळ्या दिव्यांखाली निळं काय आणि काळं काय! आणि आपल्याकडे वापरलं जातं ते बहुतेकदा परदेशी नावाचं काही नसतंच. घराघरांतल्या औषधांच्या डब्यात असतात त्याच झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्या असतात.

बर्फ बुडतो ही निव्वळ थाप. चिमूटभर पुडीने पेयाची घनता इतकी बदलत नाही. फेसाचंही तसंच : सोडा असलेल्या पेयात कुठलीही पूड टाकली तरी क्षणभर फसफसतं, मीठ-साखर टाकून बघ. म्हणजे फेस दिसला तरी काही सिद्ध होत नाही आणि नाही दिसला तरी नाही.

चवीतला फरक मात्र गांभीर्याने घे. पेय अचानक कडवट, खारट किंवा साबणासारखं लागलं तर ग्लास खाली ठेव. खात्री करायला दुसरा घोट नको, आणि ‘बघ गं, तुला कसं लागतंय’ म्हणून मैत्रिणीला तर अजिबात नको. ग्लास मोरीत ओतूही नकोस, पुढे तोच पुरावा असतो.

स्ट्रिपबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : पैसे वाया. एक स्ट्रिप दोन-तीन औषधांपुरतीच असते, आणि दुधाची, फळांच्या रसाची किंवा गडद रंगाची पेयं तिला सहज चकवतात. निकाल ‘नाही’ आला की माणूस निर्धास्त होऊन आख्खा ग्लास संपवतो. मुख्य म्हणजे जगभर अशा संशयित प्रकरणांत रक्त-लघवी तपासली की सर्वांत जास्त वेळा सापडते ती दारूच. ‘मॉकटेल’ म्हणून दिलेल्या सरबतात व्होडका, एका पेगच्या जागी तीन. त्याला कुठली स्ट्रिप लावणार?

त्यापेक्षा बंगल्यावर जायच्या आधी दोन-तीन गोष्टी ठरवा. मोठ्या पातेल्यात तयार करून ठेवलेलं पंच कुणी घ्यायचं नाही. सीलबंद बाटली किंवा कॅन स्वतः उघडायचा. नाचायला किंवा बाथरूमला जाताना ग्लास ठेवून गेलात तर तो सोडून द्यायचा, दोनशे रुपयांचं नुकसान सोसायचं. येऊरला वर नेटवर्क मिळेलच असं धरून चालू नका : बंगल्याचं नाव, मालकाचा नंबर आणि लोकेशन खाली उपवनला असतानाच घरी किंवा पार्टीला न येणाऱ्या मैत्रिणीला पाठवा. परतीची गाडी आधीच ठरलेली हवी. रात्री दीडला तिथे रिक्षा शोधत बसायची वेळ आली की मग ‘मी सोडतो ना’ म्हणणाऱ्याचं फावतं.

प्रश्न : ऐरोलीच्या आयटी कंपनीत आहे. वाशीला टीमची पार्टी होती. एक सहकारी दीड बिअरमध्येच कोलमडली. सगळे म्हणाले तिला झेपत नाही. टीममधला एक जण तिला घरी सोडायला आग्रहाने पुढे आला, शेवटी आम्ही दोघींनीच नेलं. दुसऱ्या दिवशी तिला काहीच आठवत नव्हतं. दारू जास्त झालीय की औषध दिलंय हे ओळखायचं कसं? आणि त्या वेळी नेमकं काय करायला हवं होतं?

उत्तर : आधी बिअरचा हिशोब करू, कारण ‘दीड बिअर’मध्येच निम्मा घोळ आहे. ६५० मिलिची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची धरली तर तिच्यात ५२ मिलि शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम. व्हिस्कीच्या ३० मिलिच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम. म्हणजे मोठी स्ट्राँग बाटली म्हणजे चार छोटे पेग आणि दीड बाटली म्हणजे सहा. उपाशीपोटी, तासाभरात, बारीक चणीच्या व्यक्तीला एवढ्याने झोकांड्या जाणं नवल नाही. पण त्याच दीड बिअर ३३० मिलिच्या पाच टक्क्यांच्या पाइंट असतील तर सगळं मिळून जेमतेम २० ग्रॅम. तेवढ्याने निरोगी माणूस बेशुद्धीच्या काठावर जात नाही. तेव्हा पहिला प्रश्न हाच : काय घेतलं, किती, किती वेळात, आणि त्या मानाने अवस्था कशी आहे? ग्लासात काही दिसतंय का हे शोधण्यापेक्षा ही विसंगती पकडणं कितीतरी भरवशाचं.

दारू पायरी-पायरीने चढते. आधी बडबड, मग आवाज, मग तोल. औषधाने माणूस पायऱ्या गाळून खाली येतो. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी नीट बोलणारी व्यक्ती अचानक जड जिभेने बोलते, पाय लटपटतात, डोळे मिटतात. झोपेच्या गोळ्यांच्या गटात (अल्प्राझोलाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम वगैरे) एक विचित्र टप्पा असतो : माणूस चालतो, हो-नाही म्हणतो, लिफ्टचं बटण दाबतो, पण मेंदूत नवी आठवण नोंदलीच जात नाही. ‘ती स्वतःच्या पायांनी गेली, सीसीटीव्हीत दिसतंय’ हा बचाव म्हणूनच पोकळ असतो. केटामाइन या भुलीच्या औषधाने व्यक्ती टक लावून बघते, बुबुळं आडवी लुकलुकतात, अंग आपलं नाही असं वाटतं आणि ओरडावंसं वाटूनही हलता येत नाही. जीएचबी नावाच्या द्रवाने गाढ झोप, उलटी आणि मंद श्वास, मग काही तासांनी एकदम जाग. धोतऱ्याचं चित्र वेगळंच : डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं, हवेत काहीतरी पकडल्यासारखे हात, असंबद्ध बडबड.

हे सगळं माहीत असावं, पण पबच्या दारात उभं राहून निदान करत बसू नये. दारू असो की औषध, पहिल्या अर्ध्या तासात करायच्या गोष्टी त्याच आहेत. आणि बहुतेकदा दोन्ही एकत्र असतात. धोका नेमका तिथे असतो : दोन्ही मिळून मेंदूचं श्वास घेण्याचं केंद्र दाबतात.

तिला एकटीला सोडायचं नाही, बाथरूममध्येसुद्धा. उजेडात, मोकळ्या जागी आणा. नाव विचारा, डोळे उघडायला सांगा, खांद्याचा स्नायू चिमटून बघा. प्रतिसाद नसेल, मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, घोरताना घशात घरघर असेल, ओठ किंवा नखं निळसर असतील, फिट आली असेल, तर लगेच १०८. यातलं काहीही असेल तर ‘झोपली की उतरेल’ हे वाक्य मनातसुद्धा आणू नका. श्वास थांबलाच तर छाती दाबायला सुरुवात करा, १०८ वर माणूस फोनवरून सांगत राहतो.

श्वास चालू आहे पण शुद्ध हरपतेय, अशा वेळी कुशीवर वळवा. तिच्या बाजूला गुडघ्यावर बसा. तुमच्याकडचा तिचा हात काटकोनात बाजूला पसरा. पलीकडचा हात छातीवरून आणून पंजाची मागची बाजू तुमच्याकडच्या गालाला टेकवा आणि तिथेच धरून ठेवा. दुसऱ्या हाताने पलीकडचा गुडघा उभा दुमडा आणि तो धरून तिला स्वतःकडे ओढा. वरचा पाय काटकोनात राहिला की ती पालथी पडत नाही. मग हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीकडे झुकलेलं, म्हणजे उलटी बाहेर वाहून जाते. उताण्या झोपलेल्या बेशुद्ध माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते, आणि अशा रात्रींत माणसं दगावतात ती बऱ्याचदा त्यामुळे. दर दोन मिनिटांनी श्वास मोजत राहा.

कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचा शॉवर, घशात बोटं घालून उलटी काढणं यातलं काहीच करू नका. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेलं लिंबूपाणी पोटात जाण्याऐवजी फुप्फुसात जाऊ शकतं. शॉवरखाली पडून डोकं फुटण्याचाही धोका असतो, आणि जे पुरावे कपड्यांवर असतील ते धुऊन जातात.

आता सोडायला निघालेल्या त्या सहकाऱ्याबद्दल. तो गुन्हेगार होता असं आम्ही म्हणत नाही, पण तुम्ही दोघींनी केलं तेच योग्य. अशा प्रकरणांत अनोळखी माणसापेक्षा ओळखीचा माणूस जास्त वेळा निघतो, आणि ‘मदत’ हाच त्याचा दरवाजा असतो. कुणी आग्रह धरला तर वाद घालू नका. ‘आम्ही हॉस्पिटलला नेतोय, तूही चल’ म्हणा. ज्याच्या मनात काही नाही तो येतो. दुसरं म्हणजे त्या रात्री तिला घरी नेण्याऐवजी वाशीच्या महापालिका रुग्णालयात नेलं असतं तर साखर, श्वास, प्राणवायूची पातळी तपासली गेली असती आणि पहिल्या काही तासांतली लघवीही मिळाली असती.

प्रश्न : मैत्रिणीच्या वतीने लिहितेय. अंधेरीला एका पार्टीत तिला काही तास काहीच आठवेना, सकाळी अनोळखी फ्लॅटमध्ये जाग आली. कपडे नीट नव्हते. घाबरून ती ठाण्याला घरी आली, अंघोळ केली, झोपली. हे लिहितेय तेव्हा दीड दिवस होऊन गेलाय. आता तपासणीत काही निघेल का? तिने ठरवलं नाहीये पोलिसांकडे जायचं की नाही.

उत्तर : आम्ही हे पत्र मिळताच उत्तर कळवलं होतं. इथे ते सगळ्यांसाठी.

दीड दिवसाने उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. जीएचबी सर्वांत लवकर निसटतं : रक्तातून सहा-आठ तासांत, लघवीतून साधारण बारा तासांत. तेवढं आता हातचं गेलं. पण झोपेच्या गोळ्यांच्या गटातली औषधं आणि केटामाइन लघवीत कित्येकदा दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त सापडतात. म्हणून आता मुख्य नमुना लघवीचा. रक्त पहिल्या २४ तासांत जास्त उपयोगाचं, तरी डॉक्टर दोन्ही घेतील.

पुढची लघवी होईल ती फुकट घालवू नका. रुग्णालयात पोचेपर्यंत थांबवता आली तर उत्तम. नाहीच जमलं तर स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या बाटलीत सगळी धरा, वर तारीख-वेळ लिहा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तशीच डॉक्टरांच्या हातात द्या. घरी धरलेल्या नमुन्यावर कोर्टात प्रश्न उठू शकतात, म्हणून रुग्णालयात पुन्हा नमुना घेतलाच जावा, पण पहिला टाकून देण्यात अर्थ नाही. त्या रात्रीचे कपडे, अंतर्वस्त्रांसकट, धुतले नसतील तर कागदी पिशवीत, प्रत्येक वेगळ्या. प्लास्टिकमध्ये ओल राहते, बुरशी चढते आणि नमुना बाद होतो. अंघोळ झाली म्हणून तपासणीला अर्थ नाही असंही नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतले जातात.

रुग्णालयातल्या झटपट किटचा निकाल ‘निगेटिव्ह’ आला तर तिथे थांबू नका. ती किट सगळी औषधं पकडण्यासाठी बनलेलीच नाहीत. नमुना सीलबंद होऊन न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायला हवा, तिथे अतिसूक्ष्म प्रमाण शोधणारी यंत्रं असतात. रक्ताची बाटली सोडियम फ्लोराइड घातलेली असावी आणि सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसू नये, नाहीतर दारूचं प्रमाण विवादात सापडतं. हे डॉक्टरांना माहीत असतं, तरी रात्री तीनच्या गर्दीत एकदा आठवण करून दिली तर कुणी रागावत नाही. ती स्वतः झोपेची, ॲलर्जीची किंवा कुठलीही गोळी घेत असेल तर तेही सांगायचं. लपवलं तर अहवालाचा अर्थच बदलतो.

आता उपचार, कारण ते घड्याळाशी जास्त बांधलेले आहेत. गर्भधारणा टाळण्याची लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. एचआयव्ही टाळण्याची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करायची आणि २८ दिवस न चुकता घ्यायची. हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, इतर लैंगिक संसर्गांवरची औषधं. या सगळ्यासाठी पोलिसांकडे जायचा निर्णय झालेला असायची गरज नाही. ठाण्यात जिल्हा रुग्णालय किंवा कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, तिकडे नवी मुंबईत वाशी. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात खासगी रुग्णालयानेही मोफत उपचार द्यायचे आहेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७).

‘आधी पोलिसांचं पत्र आणा, मग तपासू’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. सज्ञान स्त्री थेट रुग्णालयात जाऊ शकते. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पण तक्रार करायची की नाही हे तिचं तिने ठरवायचं, आणि नको असेल तर तशी लेखी नोंद होते. प्रत्येक तपासणीला तिची संमती लागते. एखादीला तिने नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा ठामपणे नाकारली आहे. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर मात्र पॉक्सो कायद्याने पोलिसांत कळवणं बंधनकारक.

नमुने आज दिले आणि तक्रारीचा निर्णय नंतर घेतला, तर वाट खुली राहते. उलट्या क्रमाने ती राहत नाही. अगदीच उशीर झाला तर केसांच्या तपासणीचा एक मार्ग असतो, साधारण महिन्याभराने केस वाढल्यावर. पण तो शेवटचा, आणि दरवेळी निकाल देईल असं नाही.

तिला ‘आठव ना, आठव’ म्हणत बसू नका. जी आठवण नोंदलीच गेली नाही ती ताण देऊन येत नाही. मग मेंदू ऐकलेल्या गोष्टींनी मोकळी जागा भरतो आणि उलटतपासणीत तेच अंगावर येतं. जे आठवतं तेवढंच, तुटक असलं तरी, आजच्या तारखेने तिच्याच अक्षरात लिहून ठेवायचं. यूपीआयचे व्यवहार, कॅबचा प्रवास, व्हॉट्सॲपच्या वेळा यांचे स्क्रीनशॉट काढा. ज्या सोसायटीत जाग आली तिथलं आणि पार्टीच्या ठिकाणचं सीसीटीव्ही काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ते जपून ठेवण्याचं पत्र पोलिसांकडून लवकरात लवकर जायला हवं. उशिरा तक्रार करण्यात सर्वांत मोठं नुकसान होतं ते या फुटेजचं.

प्रश्न : वरच्यासारख्या प्रसंगात घटना मुंबईची आणि राहणं ठाण्याचं असेल तर तक्रार कुठे? आणि मुलीचं वय २२, तिने व्होडका घेतली होती. परमिट नाही. उलट तीच अडकेल का?

उत्तर : तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर नोंदवून ते योग्य ठाण्याकडे पाठवतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). लैंगिक गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा, एफआयआरची प्रत फुकट मिळते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ आणि बाकी मद्यासाठी २५, हे खरं. पण ती बाब वेगळी आणि किरकोळ. तिच्यामुळे गंभीर गुन्ह्याची नोंद नाकारता येत नाही. गुन्हा करण्याच्या हेतूने गुंगीचं औषध देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पुढे काही घडलं नाही तरीही. आणि नशेत किंवा औषधाच्या अंमलाखाली, आपण कशाला हो म्हणतोय हेच कळत नसताना दिलेली संमती कलम ६३ प्रमाणे संमती नव्हेच. मग ते औषध त्याने स्वतः दिलं असो की दुसऱ्याकरवी. दारू तिने स्वतः घेतली होती हा मुद्दा तिच्याविरुद्ध वापरला जाईल, त्याची तयारी ठेवावी. पण लपवू नये. खोटं एका ठिकाणी सापडलं की खऱ्यावरही शंका घेतली जाते.

पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे, सोसायटीच्या ग्रुपवर टाकणाऱ्यालाही तो लागतो. मनोधैर्य योजनेतून आर्थिक साहाय्य मिळतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. सल्ल्यासाठी १८१, तातडीला ११२.

प्रश्न : मी पुरुष, वय ३१. डेटिंग ॲपवरची ओळख, सीबीडी बेलापूरला भेट. दोन पेगनंतर काही आठवत नाही. खात्यातून ८४ हजार गेले, आता फोटोंवरून धमक्या येतायत. कुणाला सांगायची लाज वाटते.

उत्तर : कलम १२३ ला स्त्री-पुरुष असा भेद नाही. चोरी, खंडणी आणि धमकीची कलमं त्याच्या जोडीने लागतात. खेदाची गोष्ट एकच : पुरुषावर लैंगिक अत्याचार झाला तर बलात्काराचं कलम लागू होत नाही, आणि जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७, ज्याखाली अशी तक्रार करता यायची, नव्या न्याय संहितेत ठेवलेलंच नाही. तरी बाकी कलमांचं वजन कमी नाही.

क्रम असा : आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवण्याची संधी असते, म्हणून इथे तासही महत्त्वाचा. मग बँकेला लेखी कळवा, तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत. मग पोलीस ठाणं आणि त्याच दिवशी रुग्णालयात लघवीचा नमुना. धमकी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. दिलात की रक्कम वाढते, फोटो परत येत नाहीत. चॅट पुसू नका, त्याला ब्लॉक करण्याआधी नंबर, प्रोफाइल आणि खाते क्रमांकाचे स्क्रीनशॉट घ्या.

पुढच्यासाठी : बेशुद्ध माणसाचं बोट फोनला कुणीही लावू शकतं. पैशांची ॲप बोटाच्या ठशाने उघडू देऊ नका, वेगळा आकडा ठेवा आणि यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून ठेवा.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीचे. ठाण्याहून रात्रीच्या गाडीने कणकवलीला जातो. शेजारच्या बर्थवरचे लोक चहा-बिस्किटं देतात, दर वेळी नाही म्हणणं वाईट दिसतं.

उत्तर : दिसू दे वाईट. ‘शुगर आहे, डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय’ हे वाक्य कुणाला लागत नाही. प्रसाद असेल तर हातात घ्या, कपाळाला लावा, पिशवीत ठेवा. पुडा समोर फोडला म्हणून सुरक्षित असं समजू नका, पुडा पुन्हा चिकटवता येतो. देणाऱ्याने स्वतः एक खाल्लं यालाही अर्थ नाही. चहा विक्रेत्याकडूनच, आणि कप तुमच्या हातात येईपर्यंत तिसऱ्या हातात जाऊ नये.

एक वैद्यकीय बाब. वयस्कर माणूस अचानक बरळू लागला, उठेना झाला, तर घरचे ‘अर्धांग’ किंवा ‘शुगर कमी झाली’ समजतात. ते असूही शकतं, म्हणून साखर आधी तपासलीच पाहिजे. पण शेजारी बसलेला प्रवासी आणि तुमची बॅग दोन्ही गायब असतील तर डॉक्टरांना गुंगीच्या औषधाची शंका बोलून दाखवा. वयात या गोळ्यांचा अंमल जास्त वेळ टिकतो आणि पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका असतो. गाडीतून १३९ वर फोन केला की पुढच्या स्थानकावर मदत मिळते.

प्रश्न : घोडबंदर रोडवर बार-रेस्टॉरंट चालवतो. पोरांना काय शिकवू?

उत्तर : मालकाने हा प्रश्न विचारला यातच अर्धं काम झालं. पहिलं : ग्राहकाने ‘चव वेगळी लागतेय’ म्हटलं की हुज्जत न घालता नवं पेय द्या, आणि जुना ग्लास मोरीत जाऊ देऊ नका. त्यातलं पेय स्वच्छ बाटलीत ओतून झाकण लावा, वर टेबल नंबर आणि वेळ, फ्रीजमध्ये. दुसरं : टेबलावरच्या कुणी ‘तिच्या ग्लासात अजून एक टाक, तिला सांगू नकोस’ म्हटलं तर वेटरने थेट नकार द्यायचा आणि मॅनेजरला सांगायचं. टीप कितीही असो. अशा पाचशेच्या नोटेने तुमचा परवाना आणि पोराची नोकरी दोन्ही जाऊ शकतात.

तिसरं : जिला उभं राहता येत नाही तिला ‘मी तिचा मित्र’ म्हणणाऱ्याच्या हवाली करू नका. तिला बाजूला बसवून तिच्या फोनवरून घरच्यांना लावा, ११२ ला कळवा, त्याचं ओळखपत्र आणि गाडीचा नंबर लिहून घ्या. खरा मित्र दहा मिनिटं थांबतो. चौथं : त्या रात्रीचं फुटेज त्याच रात्री वेगळ्या पेन ड्राइव्हवर, पोलिसांची वाट न बघता. महिला स्वच्छतागृहाच्या दाराआत मॅनेजरचा नंबर चिकटवा, बाहेर टेबलापाशी बोलता येत नाही ते तिथून कळवता येतं.

प्रश्न : सासूबाईंना झोपेच्या गोळ्या चालू आहेत. घरात कॉलेजला जाणारा मुलगा, त्याचे मित्र येतात-जातात. मी उगाच काळजी करतेय का?

उत्तर : उगाच नाही. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं एच-१ यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीत आहेत. दुकानदाराला डॉक्टरचं, रुग्णाचं नाव आणि प्रमाण नोंदवून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळवण्यापेक्षा आजीच्या डब्यातून एक पट्टी उचलणं सोपं. मुलावर संशय म्हणून नव्हे, पण गोळ्या फ्रीजवरच्या उघड्या डब्यात नकोत. कपाटात, कुलपात. पट्टीवर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहा आणि आठवड्यातून एकदा मोजा. आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत भरून आजींकडे द्या, बाकी स्वतःकडे ठेवा. डॉक्टरांनी औषध बदललं तर उरलेल्या गोळ्या ‘असू दे, लागतील’ म्हणून जपू नका : पट्टीतून काढून चहाच्या ओल्या चोथ्यात मिसळा, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाका.